फुल फ्रेमचा हट्ट आणि हॉलमधली कबड्डी

हॉलमधल्या सामन्याचे फोटो काळपट येतात, हलतात, दाणेदार दिसतात, अशी तक्रार घेऊन कुणी चार जाणकारांकडे गेला की चौघांचं उत्तर ठरलेलं असतं: क्रॉप सेन्सर सोड, फुल फ्रेम घे. विचारणारा मुलीच्या बॅडमिंटन स्पर्धांना जाणारा बाप आहे, तालुक्याचा वार्ताहर आहे की कबड्डी मंडळाचा हौशी फोटोग्राफर, याची चौकशी होत नाही. कॅमेऱ्याला पुढे कोणती लेन्स लावली आहे हे तर कुणीच विचारत नाही. मग तो बिचारा दीड-दोन लाख जमवतो, नाहीतर हप्ते बांधून घेतो, नवी बॉडी घरी आणतो, तिच्यासोबत खोक्यात आलेली झूम लेन्स लावतो आणि पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच: हललेला चढाईपटू, पिवळट चेहरे आणि मागे अगदी स्पष्ट आलेला पाण्याचा जार.

ज्याच्याकडे खर्चायला मोजके पैसे आहेत त्याच्यासाठी हा सल्ला उघड तोट्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे. तो इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे दिला जातो की त्याचा हिशेब कुणी मांडून पाहत नाही. इथे तो मांडू.

आधी सल्ला देणाऱ्यांची बाजू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. कॅननच्या क्रॉप सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ अडीचपटीहून थोडं अधिक, निकॉन-सोनीच्या क्रॉप सेन्सरपेक्षा सव्वादोनपटीच्या आसपास. शटर स्पीड तोच, अॅपर्चर तेच, चौकटीत येणारं दृश्यही तेच असेल, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश त्याच प्रमाणात जास्त पडतो. फोटोतला नॉईज मुख्यतः प्रकाश कमी मिळाल्यामुळे येतो, म्हणून मोठ्या सेन्सरचा फोटो स्वच्छ दिसतो. हे सगळं खरं आहे आणि त्यावर माझा काही वाद नाही.

मेख आहे ती ‘अॅपर्चर तेच असेल तर’ या अटीत. ही अट दुकानात गेल्यावर मोडते. फुल फ्रेम बॉडीवरच सगळे पैसे संपल्यावर माणूस तिच्यासोबत कोणती लेन्स घेतो? कॅननच्या फुल फ्रेम मिररलेस बॉड्यांबरोबर किट म्हणून मिळणारी स्वस्त झूम २४-१०५ मिलिमीटरची आहे आणि तिचं सर्वांत मोठं अॅपर्चर एफ/४ पासून सुरू होऊन लांबच्या टोकाला एफ/७.१ वर येतं. खेळाचे फोटो काढणारा माणूस या लेन्सच्या लांबच्याच टोकाला असणार. आता तिच्यासमोर त्याचा जुना क्रॉप सेन्सरचा कॅमेरा ठेवा, पण त्याला ८५ मिलिमीटर एफ/१.८ लावा. एफ/७.१ आणि एफ/१.८ यांच्यात प्रकाशाचा फरक साडेपंधरा पटींचा आहे. मोठ्या सेन्सरचा अडीचपटीचा फायदा त्यातून वजा केला तरी जुनाच कॅमेरा सहापट प्रकाश घेऊन पुढे राहतो. दीड-दोन लाख खर्चून माणूस सहापट मागे गेला, आणि त्याला सांगणारे म्हणतात ‘आता सेटिंग शिकून घे’.

कुणी म्हणेल, एफ/७.१ हे टोकाचं उदाहरण झालं. बरं, महागडी २४-१०५ एफ/४ घ्या. तरीही क्रॉप सेन्सर आणि एफ/१.८ ही जोडी जवळपास दुप्पट प्रकाश घेते. फुल फ्रेमला एफ/२.८ ची झूम लावली तेव्हा कुठे दोघांची बरोबरी होते. म्हणजे बॉडी आणि ७०-२०० एफ/२.८ असा सगळा सरंजाम उभा केल्यावर तुम्ही तिथे पोहोचता, जिथे क्रॉप सेन्सरवाला एका प्राइम लेन्सच्या पैशात कधीच पोहोचलेला असतो. झूमची सोय वेगळी, तिच्याबद्दल पुढे बोलतो. पण प्रकाशाच्या नावाखाली जे विकलं जातं त्याचा हिशेब हा असा आहे.

हॉलमध्ये हे कसं उतरतं ते पाहू. शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मॅटवर ३०० लक्स प्रकाश आहे असं धरा. चढाईपटू सेकंदाला सहा मीटर वेगाने झेपावतो असं धरा. १/२५० शटरला त्या काळात तो जवळपास अडीच सेंटीमीटर सरकतो. त्याचा हात आणि पाय त्याहून जास्त. फोटो हलणारच. १/८०० ला हेच अंतर साडेसात मिलिमीटरवर येतं आणि चेहरा, बोटं, जर्सीवरचा क्रमांक धरून राहतात. या हॉलमध्ये १/८०० ठेवायचं तर एफ/५.६ वर आयएसओ वीस हजारांच्या वर लागतो. एफ/२.८ वर पाच हजारांच्या आसपास. एफ/१.८ वर दोन हजारांच्या थोडा वर. बॉडी कोणतीही असो, हे आकडे बदलत नाहीत. पहिल्या आकड्यावर महागडा कॅमेरासुद्धा दमतो आणि शेवटच्या आकड्यावर दहा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआरही नीट काम करतो.

इथे हमखास एक आक्षेप येतो: एफ/१.८ ला फोकसची खोली इतकी पातळ असते की एक डोळा शार्प येतो आणि दुसरा जातो. हा आक्षेप पोर्ट्रेट काढणाऱ्यांकडून उसना घेतलेला आहे. दीड-दोन मीटरवरून चेहरा काढताना ते खरं आहे. कबड्डीत फोटोग्राफर अंतिम रेषेच्या मागे बसतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे मध्यरेषा त्याच्यापासून साडेसहा मीटरवर. सात मीटरवरच्या खेळाडूवर ८५ मिलिमीटर एफ/१.८ क्रॉप सेन्सरवर लावली तर फोकसची खोली अर्ध्या मीटरच्या आसपास येते. एक माणूस तेवढ्यात मावतो. साखळी धरून पकड करणारे चौघे मावणार नाहीत हे खरं, पण एफ/२.८ वरही ते मावत नाहीत. आणि हॉलमध्ये मागची पार्श्वभूमी कशी असते? प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रायोजकांचे बॅनर, सतरंजीवर आडवे झालेले राखीव खेळाडू. ती जितकी विरघळेल तितकी बरी.

दुसरा आक्षेप पल्ल्याचा: हॉलमध्ये ८५ कशी पुरणार, २०० पाहिजे. क्रिकेटच्या मैदानावर बोलताना हे ठीक आहे. क्रॉप सेन्सरवर ८५ मिलिमीटर लेन्स उभी धरली की सात मीटरवर सुमारे १.९ मीटर उंचीचं दृश्य येतं, म्हणजे उभा खेळाडू चौकटीत नेमका भरतो. ५० मिलिमीटर आडवी धरली की त्याच अंतरावर सव्वातीन मीटर रुंदी मिळते आणि तीत चढाईपटूसह पूर्ण पकड येते. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब. मागच्या रेषेपाठी बसून जाळ्यापलीकडचा खेळाडू टिपायचा तर अंतर दहा मीटरच्या आसपास आणि ८५ ची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे उडी मारून स्मॅश करणारा खेळाडू रॅकेटसह आत. इथे २०० मिलिमीटर लावणाऱ्याला अर्धाच खेळाडू मिळतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये फोटोग्राफरला खेळाच्या इतकं जवळ बसायला मिळतं की लांब लेन्सची हौस बहुतेकदा अडगळच ठरते.

झूमचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ज्याला एका संध्याकाळी चार सामने, बक्षीस समारंभ आणि मंत्र्यांचं भाषण असं सगळं द्यायचं आहे, त्या वृत्तपत्राच्या माणसाला झूम लागते. त्याने एफ/२.८ ची घ्यावी, सेकंडहँड घ्यावी. क्रॉप सेन्सरसाठी सिग्माने एफ/१.८ च्या झूमही काढल्या: १८-३५ ही २०१३ मध्ये, ५०-१०० ही २०१६ मध्ये. दुसरी दीड किलोची आहे आणि दिवसभर हातात धरली की तिचा ग्रॅम न् ग्रॅम कळतो, पण एफ/१.८ इतक्या मोठ्या अॅपर्चरची झूम फुल फ्रेमवाल्यांना बराच काळ मिळालेली नव्हती.

लेन्सवर घातलेला पैसा टिकतो, हा मुद्दा या चर्चेत नेहमी गाळला जातो. कॅननची ईएफ ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स १९९२ साली बाजारात आली. आज ती अॅडॉप्टर लावून नव्या मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. १९९२ च्या बॉडीचं आज काय करायचं? शोकेसमध्ये ठेवायची. दहा वर्षं वापरलेली चांगली लेन्स विकायला काढा, पैसे बऱ्यापैकी परत येतात. दहा वर्षांच्या बॉडीला दुकानदार हातात घेऊन फक्त हसतो. सेकंडहँड घेताना निकॉनवाल्यांनी एक जपावं: जुन्या डी मालिकेतल्या, आत मोटर नसलेल्या लेन्सचा ऑटोफोकस डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉड्यांवर चालत नाही आणि कंपनीच्या एफटीझेड अॅडॉप्टरने मिररलेसवरही चालत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून उचलायची आणि मग कबड्डीत हाताने फोकस करत बसायचं, असं व्हायला नको.

आता आयएसओच्या भीतीकडे. फुल फ्रेमचा सारा हट्ट या भीतीवर पोसलेला आहे. ‘३२०० च्या वर मी जात नाही’ असं अभिमानाने सांगणारे फोटोग्राफर असतात. ते जात नाहीत, म्हणून त्यांचं शटर १/२०० वर उतरतं, म्हणून फोटो हलतो, आणि मग ते म्हणतात कॅमेऱ्याला अंधार झेपत नाही. दाणे सॉफ्टवेअरने कमी करता येतात. हललेला हात कोणत्याही सॉफ्टवेअरने जागेवर येत नाही. या दोन दोषांना एका तराजूत तोलणं हीच मुळात चूक आहे.

फिल्मच्या दिवसांत हॉलमधला खेळ ८०० च्या कलर फिल्मवर निघायचा, प्रोसेसिंगला ती १६०० ला पुश व्हायची आणि दाणे मुगाएवढे यायचे. तरी ते फोटो छापून यायचे आणि लोक कात्रणं जपून ठेवायचे. २००७ मध्ये निकॉनचा डी३ आला. त्याचा नेहमीचा आयएसओ ६४०० पर्यंत आणि ताणून २५,६०० पर्यंत जात होता. हॉलमध्ये काम करणाऱ्यांच्या दृष्टीने तो कॅमेरा खरंच क्रांती होता, आणि तो फुल फ्रेम होता, हेही कबूल. पण त्याला आता इतकी वर्षं झाली. आजचा मधल्या किमतीचा क्रॉप सेन्सर ६४०० वर जो फोटो देतो तो त्या पुश केलेल्या फिल्मपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. २००७ ची गरज २०२० नंतरच्या ग्राहकाच्या गळ्यात बांधायचं कारण नाही.

शिवाय फोटो बघणार कुठे? २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. मोबाइलवर किंवा वृत्तपत्रात तीन कॉलमांत तो १२०० पिक्सेलच्या आसपास उतरतो. म्हणजे मूळच्या पंचवीस पिक्सेलांचा मिळून एक होतो आणि त्या सरासरीत नॉईज साधारण पाचपट कमी होतो. संगणकावर शंभर टक्के मोठा करून दाणे मोजणारा माणूस जगात एकच असतो, तो म्हणजे फोटो काढणारा. खेळाडूची आई दाणे मोजत नाही. तिला मुलीचा चेहरा स्पष्ट हवा असतो.

आकड्यांच्या जाहिरातींबद्दल दोन शब्द. निकॉनच्या डी५ ने २०१६ मध्ये आयएसओ ३२,८०,००० पर्यंतची सोय दिली. सोनीच्या पहिल्या ए७एस ने २०१४ मध्ये ४,०९,६०० चा आकडा छापला. रात्रीचा पहारा करायचा असेल तर ते उपयोगाचे असतील, स्पर्धेचा फोटो म्हणून ते कुणी कुणाला देणार नाही. आणि गंमत बघा: खास खेळासाठी, वेगासाठी केलेला सोनीचा ए९ थ्री २०२३ अखेर जाहीर झाला. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर त्याला आहे, सेकंदाला १२० फ्रेम आहेत, आणि त्यासाठी नॉईजच्या बाबतीत तो आपल्याच घरातल्या इतर फुल फ्रेम कॅमेऱ्यांच्या किंचित मागे राहिला. त्याचा मूळ आयएसओच २५० पासून सुरू होतो. खेळाचा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीलाच नॉईज ही पहिली अडचण वाटली नाही. ती आपल्याला का वाटावी?

मग बॉडी बदलायचीच नाही का? बदलायची, पण ज्या कारणासाठी बॉडी बदलतात ते कारण ओळखून. हॉलमध्ये बॉडी दोन कामांना येते: फोकस आणि दिव्यांची फडफड.

कॅननचाच दाखला घ्या. २०१२ चा ६डी फुल फ्रेम होता, त्याच्या उच्च आयएसओचं कौतुक सगळीकडे झालं. त्याला फोकसचे ११ बिंदू होते आणि त्यातला फक्त मधला क्रॉस प्रकारचा. वेग सेकंदाला साडेचार फ्रेम. दोन वर्षांनी आलेला ७डी मार्क टू क्रॉप सेन्सरचा. त्याला ६५ बिंदू, सगळे क्रॉस प्रकारचे, सेकंदाला दहा फ्रेम, आणि दिव्यांची फडफड ओळखून शटर सोडण्याची सोय. ‘अंधारात फुल फ्रेम’ हा नियम मानला तर हॉलमधल्या बॅडमिंटनला ६डी घ्यायला हवा होता. जे घेऊन गेले त्यांना मधला बिंदू खेळाडूच्या छातीवर धरून बाकी चौकट देवाच्या भरवशावर सोडावी लागली. चढाईपटू मधल्या बिंदूत राहण्यासाठी चढाई करत नसतो. ३० सेकंदांत तो निदान रेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे झेपावतो, पाठ फिरवतो, आडवा पडून मध्यरेषेला बोट लावतो. त्याच्याबरोबर धावणारा फोकस नसेल तर सेन्सर केवढा आहे याला अर्थ नाही.

ज्याच्या हातात आज कॅननचा १५००डी आहे त्याला मी ‘बॉडी चालेल’ असं म्हणणार नाही. ९ फोकस बिंदू आणि सेकंदाला तीन फ्रेम यांवर खेळ काढणं हे तप आहे. पण त्यानेही आधी लेन्स घ्यावी. कारण मोठ्या अॅपर्चरच्या लेन्समधून फोकसच्या यंत्रणेलासुद्धा जास्त प्रकाश मिळतो आणि अंधारात चाचपडणं कमी होतं. लेन्सनंतर बॉडी घ्यायची ती चेहरा, डोळा आणि शरीर ओळखून मागोमाग जाणारी. असे क्रॉप सेन्सरचे मिररलेस आता प्रत्येक मोठ्या कंपनीकडे आहेत: कॅननचा आर७, सोनीचा ए६७००, निकॉनचा झेड५० टू.

आता दिवे. या विषयावर आपल्याकडे जवळपास कुणीच बोलत नाही, आणि हॉलमधले निम्मे फोटो यापायी वाया जातात. आपली वीज ५० हर्ट्‌झची. साध्या ड्रायव्हरचे एलईडी, ट्यूबलाइट आणि मेटल हॅलाइडचे जुने दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा तेजी-मंदी करतात. डोळ्याला ते कळत नाही. १/१००० शटर मात्र दहा मिलिसेकंदांच्या त्या चक्रातला फक्त एक तुकडा उचलतो. तो तुकडा तेजीचा निघाला तर फोटो उजळ, मंदीचा निघाला तर काळपट आणि पिवळा. सेकंदाला दहा फ्रेम मारल्या तर कधी एकाआड एक फ्रेमचा रंग वेगळा येतो. त्यात भर म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्याची फट संपूर्ण सेन्सर ओलांडायला चार-पाच मिलिसेकंद घेते, म्हणजे जवळपास अर्धं चक्र. म्हणून एकाच फोटोत वरचा भाग पांढरा आणि खालचा भाग हळदीचा दिसतो. लोक याला ‘व्हाइट बॅलन्स बिघडला’ म्हणतात आणि घरी बसून एकेक फोटो दुरुस्त करतात.

यावर इलाज बॉडीतच आहे. अँटी-फ्लिकर नावाची सोय दिव्याची तेजी ओळखते आणि नेमक्या त्या क्षणी शटर सोडते. फ्रेमचा वेग थोडा पडतो, पण सगळे फोटो एका रंगाचे, एका उजेडाचे येतात. नव्या बॉडीत ही सोय आहे का, हे बघून मगच पैसे मोजावेत. आणि इलेक्ट्रॉनिक शटरच्या आकड्यांना भुलू नये. आर७ त्या शटरने सेकंदाला ३० फ्रेम देतो, सोनीच्या ए७ फोर सारखा फुल फ्रेमही आवाज न करता चालतो, पण या दोन्ही सेन्सरांचं वाचन संथ आहे. फडफडणाऱ्या दिव्यांखाली त्या फोटोंवर आडवे पट्टे उमटतात आणि स्मॅश मारणाऱ्याची रॅकेट वाकडी दिसते. स्टॅक्ड सेन्सरचे महाग कॅमेरे हे बऱ्याच अंशी टाळतात. बाकीच्यांनी हॉलमध्ये मेकॅनिकल शटरच वापरावं. ७डी मार्क टू सारख्या २०१४ च्या सेकंडहँड बॉडीत जी सोय आहे ती नसलेला, नव्या चकचकीत खोक्यातला फुल फ्रेम घेऊन माणूस हॉलमध्ये गेला तर त्याने अंधारावर मात केली असं मी मानणार नाही.

‘कॅमेऱ्याचं काय, नजर पाहिजे’ असं म्हणणाऱ्यांचाही एक पंथ आहे. पकड कधी होणार हे आधी ओळखणारी नजर हवीच. पण अशी नजर असलेल्या माणसाच्या हातात एफ/५.६ ची किट लेन्स दिली तर तो नेमक्या क्षणी नेमका हललेला फोटो काढेल. बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या विक्रमी स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. त्या वेगाने १/१००० सेकंदात शटल पंधरा सेंटीमीटरहून जास्त पुढे जातं. सामन्यातले स्मॅश याहून संथ असतात, तरी नजरेने शटर स्पीड वाढत नाही. फ्लॅश लावावा म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धांत तो बंद असतो. लहान स्पर्धेत पंच काही बोलले नाहीत तरी शटलकडे बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांत तो मारू नये.

आणखी एक फसवी तुलना दूर केली पाहिजे. ‘अमक्याने फुल फ्रेमवर काढलेले प्रो कबड्डीचे फोटो बघ’ असं सांगून मोबाइल पुढे केला जातो. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये सुरू झाली, २०२२ मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो झाली. हे सामने दूरचित्रवाणीसाठी उजळलेले असतात. तिथे मॅटवर शाळेच्या हॉलपेक्षा कित्येक पट प्रकाश असतो, दिवे फडफडत नाहीत याची काळजी घेतलेली असते, कारण सुपर स्लो मोशनच्या कॅमेऱ्यांना ती फडफड चालत नाही. तिथे साधा क्रॉप सेन्सरसुद्धा दिमाखात चालतो. त्या फोटोंचं श्रेय छतावरच्या दिव्यांना आहे आणि ते दिवे तुमच्या तालुक्याला येणार नाहीत. याच न्यायाने स्पर्धेच्या आयोजकांनाही सांगायला हवं. स्वागत कमानीवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीवर केला, तर खेळाडूंना चेंडू आणि शटल दिसेल, आणि फोटोग्राफरांचे लाखो रुपये वाचतील.

फुल फ्रेम कुणी घ्यावी? ज्याच्याकडे ८५ एफ/१.८ किंवा ७०-२०० एफ/२.८ आधीच आहे, ज्याच्या बॉडीचा फोकस आणि अँटी-फ्लिकर त्याला पुरेसे आहेत, आणि तरीही ज्याला ६४०० वर राहावं लागतं, त्याने घ्यावी. त्याच्यासाठी त्या अडीचपट प्रकाशाचा उपयोग खरा आहे, कारण त्याच्याकडे ‘अॅपर्चर तेच’ ही अट पूर्ण झालेली आहे. लग्नाची कामं करणाऱ्यानेही घ्यावी, त्याचं गणित वेगळं आहे. आठवड्याला एखादी स्पर्धा काढणाऱ्याला आणि मुलांचे सामने टिपणाऱ्या पालकाला ती शेवटची पायरी आहे. लोक तिला पहिली करून विकतात.

म्हणून पैसे घेऊन मुंबईच्या फोर्टात किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाण्यापूर्वी एक करा. गेल्या स्पर्धेचे वाया गेलेले फोटो उघडा आणि प्रत्येकाखाली नोंदलेलं शटर आणि अॅपर्चर वाचा. शटर १/५०० च्या खाली आणि अॅपर्चर एफ/४ किंवा त्याहून लहान असेल, तर ५० किंवा ८५ ची एफ/१.८ लेन्स घ्या आणि घरी या. दोन्ही आकडे ठीक असून फोकस चुकलेला किंवा रंग फिरलेला असेल, तर बॉडी बदला, क्रॉप सेन्सरचीच. हे दोन्ही तपासल्याशिवाय कुणी ‘फुल फ्रेम घे’ म्हणालं, तर त्याला आधी तुमच्या लेन्सचा नंबर विचारायला सांगा.